दरवाज्यावर तू उभा होतास

सुखदेव,

रविवारी दुपारी टीव्हीवर एक ऐतिहासिक सिनेमा लागला होता. राजा शत्रूच्या हातून निसटून जंगलातून पळत होता आणि त्याच्या मागे सागाची झाडं एका ओळीत, सारख्या अंतरावर उभी होती. मी मोठ्यानं म्हणालो, "राजा फॉरेस्टच्या प्लांटेशनमधून पळून राह्यला." आणि थांबलो. तुझं उत्तर यायचं तिथं जाहिरात लागली. ती मी शेवटपर्यंत पाहिली. मग दुसरी पाहिली.

तू गेल्याला अजून महिना झालेला नाही. लोक विचारतात, मास्तर, कसे आहात. मी बरा आहे म्हणतो आणि ते खरं आहे. भूक लागते, झोप लागते. परवा चामोर्शीच्या बाजारात जाऊन वांगी आणली, भाव केला. आत काही हलत नाही, एवढंच. तुला खांदा दिला तेव्हाही मी रस्त्यातले खड्डे बघत चाललो होतो.

तुझ्या नाटक मंडळानं तुझी स्मरणिका काढायचं ठरवलं आहे. मंडळाची पोरं माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुमच्याइतकं सुखदेवभाऊले कोन ओळखत होतं, तुमी लिहा. तुझा जन्म, नोकरी, तू किती राजे आणि किती सेनापती केलेस, ते दुसरं कुणी लिहील. मी तुझ्या एकाच भूमिकेबद्दल लिहिणार आहे. ती पडद्यावर कुणीच पाहिली नाही. ती का दिसली नाही याचा तू एक समज करून घेतलास आणि तो समज घेऊनच गेलास. तो चुकीचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ते सांगण्याआधी थोडं आपल्याबद्दल लिहितो, कारण ज्यांनी आपल्याला एकत्र सिनेमा बघताना पाहिलं नाही त्यांना पुढचं कळणार नाही.

तू पंचायत समितीत कारकून आणि मी शाळेत इतिहासाचा मास्तर. धान कापून झालं की तू झाडीपट्टीच्या नाटकांत उभा राहायचास. शेतात मंडप, चहूकडून माणसं, आणि तुझा आवाज शेवटच्या बैलगाडीपर्यंत जायचा. सकाळी कानामागे उरलेला रंग घेऊन तू ऑफिसात यायचास आणि तुझे साहेब म्हणायचे, "या महाराज, तेवढे दाखले लिहून टाका."

कुठं नवा ऐतिहासिक सिनेमा लागला की आपण एसटीनं चंद्रपूर गाठायचो. मध्यंतरापर्यंत कुणी बोलायचं नाही असा तुझा नियम होता. मध्यंतरात चहा हातात आला की तू विचारायचास,

"बोल मास्तर, किती चुका?"

"राजवाड्याच्या खिडकीले काच हाय. अन् त्या सरदाराच्या जोड्याले रबराचा तळ हाय, पायरी चढताना दिसला."

"अन् काम?"

"काम बरं हाय."

"बरं? तो सरदार हाय का तलाठी? तलवार अशी धरून हाय जशी छत्री. पान्याची वाट पाहून राह्यला लेकाचा."

चहावाला हसायचा. तू त्याच्यासमोर त्या सरदाराची नक्कल करून दाखवायचास आणि मग तीच तलवार कशी धरायला हवी होती तेही दाखवायचास, हातात काही नसताना. तुझ्या रिकाम्या मुठीत मला तलवारीचं वजन दिसायचं. मुकुट घातलेल्या माणसाची मान बघायची, चेहरा नंतर, हे मला तू शिकवलंस. मुकुट हलका वाटत असेल तर तो माणूस राजा नाही. त्यानंतर मी कुठल्याच राजाचा चेहरा आधी पाहिला नाही.

आपलं भांडण मात्र कधी मिटलं नाही. तू म्हणायचास, "तुले इतिहास दिसते बे, मानूस नाई दिसत." मी म्हणायचो, "अन् तुले मानूस दिसते, त्याच्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा नाई दिसत." परतीच्या एसटीत मूल गाव येईपर्यंत हेच चालायचं. एकदा कंडक्टरनं विचारलं, कोनत्या राजाची जमीन वाटून घेऊन राह्यले तुमी?

माझी बायको गेली तेव्हा तू दर रविवारी घरी येऊ लागलास. सांत्वन वगैरे काही नाही. यायचास, टीव्ही लावायचास, कुठला तरी जुना ऐतिहासिक सिनेमा शोधायचास आणि एकटाच शिव्या घालत बसायचास. मी तुझ्याकडे बघायचो, पडद्याकडे बघायचो, काही बोलायचो नाही. असे बरेच रविवार गेले. मग एकदा मी म्हणालो, "ती तोफ उलटी ठेवली हाय." तू टीव्हीवरची नजर न काढता म्हणालास, "आला मास्तर." त्या दिवसापासून मी पुन्हा जेवायला लागलो. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू चेष्टाच केली असतीस.

आता ते शूटिंग.

दहा-बारा वर्षं झाली असतील. एका सरदाराच्या जीवनावरचा सिनेमा होता आणि आपल्याकडच्या जंगलातल्या एका जुन्या किल्ल्यात त्याचे काही प्रसंग घ्यायचे होते. किल्ल्यांवर मी वर्तमानपत्रांत थोडंफार लिहिलं होतं, त्यावरून त्यांनी मला बोलावलं. इतिहास सल्लागार. मी नवा सदरा शिवून घेतला हे तुला आठवत असेल, कारण तू त्यावर पुष्कळ बोललास. मी तुला म्हणालो, चल, तुले शूटिंग दाखवतो. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला काहीतरी दाखवणार होतो.

तिथं पहिल्याच सकाळी तू किल्ल्याच्या बुरुजाखालून हाक मारलीस, "चाय आली का रे?" आवाज टिपणाऱ्या पोरानं कानावरचे हेडफोन काढले आणि तो इकडेतिकडे बघू लागला. दिग्दर्शक खुर्चीतून उठला. हा आवाज कुणाचा? तासाभरानं तुझ्या डोक्यावर मुंडासं होतं आणि हातात काठी होती.

प्रसंग साधा होता. सरदार चार स्वारांसह सूर्य बुडाल्यावर किल्ल्याशी येतो आणि दरवाजा उघडायला सांगतो. पहारेकरी उघडत नाही. एकच वाक्य: "दरवाजा सकाळी उघडेल, सरकार. दिवस बुडाल्यावर उघडायचा नाही, हा हुकूम तुमचाच आहे."

तू माझ्याजवळ आलास आणि विचारलंस, "मास्तर, हा मानूस कोन असन?"

मी म्हणालो, "महार असन. वेस, दरवाजा, रातचा पहारा, हे सगळं त्यायच्याच माथी असे."

"म्हंजे आमचाच." तू काठी हातात तोलून पाहिलीस. "बरं हाय. मंग शोधाले दूर जा लागत नाई."

संध्याकाळी तो प्रसंग घेतला. मी दिग्दर्शकाच्या मॉनिटरच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर होतो. तू दरवाज्यात उभा राहिलास. काठी जमिनीत रोवलेली, पाठ सरळ, नजर घोड्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत. आणि तू ओरडला नाहीस, सुखदेव. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढची सगळी वर्षं तू असंच धरून चाललास की तू ओरडलास. ते वाक्य तू इतक्या हळू बोललास की बाजूचे लोक पुढं झुकले. 'तुमचाच आहे' म्हणताना तुझा आवाज आणखी खाली गेला. घोड्यावरचा तो नामांकित नट आपलं पुढचं वाक्य विसरला. दिग्दर्शकानं लगेच ओके म्हटलं. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या नटानं घोड्यावरून उतरून तुझ्या पाठीवर थाप मारली.

मी टाळी वाजवली नाही. त्या क्षणी माझ्या हे लक्षातही आलं नाही.

आल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. चहा मिळत होता, जेवण मिळत होतं, सगळे सर म्हणत होते, पण ढालींवरची नक्षी असो की मशालींचे आकार, सगळं आधीच ठरलेलं होतं. सहायक दिग्दर्शिका, एक हुशार मुलगी, माझ्याजवळून जात होती. तिनं सहज विचारलं, "छान झालं ना, सर?"

मी म्हणालो, "काम छान झालं. पण हे चूक आहे."

ती थांबली. "काय चूक आहे?"

"त्या काळातला महार पहारेकरी सरदारासमोर असा उभा राहणार नाही. काठी खाली ठेवेल. लांब उभा राहील, वाकून, आधी जोहार करेल. नजर जमिनीवर. मग बोलेल."

"नक्की?"

"नक्की."

"मग त्यांना सांगू या का? अजून उजेड आहे, पटकन पुन्हा घेऊ."

"नको. ते नाही करणार."

"विचारून तरी बघते."

"मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. बौद्ध आहेत ते. त्यांच्या घरात आता कुणी तसं वाकत नाही. उगीच विचारून त्यांचा अपमान होईल."

तिनं मान हलवली. म्हणाली, "सर, हल्ली इतिहासाच्या सिनेमात एवढ्याशा चुकीवरून किती गोंधळ होतो तुम्हाला माहीतच आहे. मी डायरेक्टर सरांच्या कानावर घालते." आणि ती गेली. मला बरं वाटलं. इथं खोटं लिहून चालणार नाही. मला विचारलं गेलं होतं, मी उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर बरोबर होतं. निघताना दिग्दर्शक मला म्हणाला, तुमचा मुद्दा ध्यानात ठेवला आहे, एडिटिंगला बघतो. परतीच्या जीपमध्ये तू त्या नटाची घोड्यावर बसायची तऱ्हा करून दाखवत होतास आणि मी हसत होतो.

सिनेमा लागला तेव्हा तू गावातून दोन काळीपिवळ्या जीपा भरून माणसं चंद्रपूरला नेलीस. शेवंतावहिनींनी नवं लुगडं नेसलं होतं. पडद्यावर संध्याकाळ झाली, सरदार चार स्वारांसह आला, किल्ला दिसला. तू माझा हात धरलास. आणि दरवाजा उघडला. आपोआप उघडावा तसा. सरदार आत गेला. पुढचा प्रसंग सुरू झाला, राणी दिव्याजवळ बसली होती. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "भाऊ, तुमचं अजून यायचंच हाय ना?" तू म्हणालास, "येईन, येईन. गपचूप पाहा."

सिनेमा संपला, दिवे लागले, आपली माणसं उठली. कुणी तुझ्याकडे बघत नव्हतं. तेव्हा तू उभा राहिलास आणि त्या मैदानी आवाजात म्हणालास, "बसा सगळे. मास्तरचं नाव येते आता." ती सगळी माणसं पुन्हा बसली. नावांची लांब रांग वर सरकत होती, चहा देणाऱ्यांची, गाड्या चालवणाऱ्यांची. शेवटी बारीक अक्षरांत इतिहास सल्लागार आणि माझं नाव आलं. तू टाळ्या वाजवल्यास. तुझ्यामुळे सगळ्यांनी वाजवल्या. झाडू घेऊन आत आलेला माणूस दारातच थांबून आपल्याकडे पाहत राहिला.

बाहेर पानठेल्याजवळ तू म्हणालास, "आवाज जास्त झाला असन माह्या. झाडीचा गळा हाय, मैदानाचा. कॅमेऱ्यापुढं नाई चालत तो."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कॅमेरा नाजूक असते, सुखदेव."

गप्प राहिलो असतो तर आज मला थोडी जागा उरली असती. पण मी ते वाक्य बोललो. तू ते ऐकलंस, मान हलवलीस आणि पानवाल्याला म्हणालास, "मास्तरच्या पानात गुलकंद जास्त टाक."

पुढच्या हंगामात मंडळाला तू नाही म्हणालास. पोरं घरी आली, हातापाया पडली. तू म्हणालास, गळा बसला आता, नव्या लोकायले घ्या. गळा बसला नव्हता. रविवारी माझ्याकडे सिनेमा बघताना तू पूर्वीसारखाच बोलायचास, फक्त आता कुणी नट हळू बोलला की तू बोट दाखवायचास. "पाहा, किती हळू. याले म्हनतात काम. आपल्याले नाई साधलं." प्रत्येक वेळी मी पडद्यावर काहीतरी चूक शोधायचो आणि तुझं लक्ष तिकडे वळवायचो. भिंतीचा चुना. घोड्याचा नाल. चुका शोधण्यात माझा हातखंडा होता.

आता त्या उत्तराबद्दल. मी 'नक्की' म्हणालो त्याबद्दल.

एखाद्या विद्यार्थ्यानं मला विचारलं असतं, गुरुजी, याला आधार काय, तर मी कुठल्याच पुस्तकाचं नाव सांगू शकलो नसतो. मी ते वाचलेलं नव्हतं. मी ते आमच्या अंगणात पाहिलं होतं. तुझा आजा, सुखदेव. मी तेव्हा फार लहान होतो. तो धान्य मागायला आमच्या घरी यायचा. काठी कुंपणाशी ठेवायचा, लांब उभा राहायचा, कमरेत वाकायचा आणि "जोहार, पाटील" म्हणायचा. माझे वडील ओसरीवर बसून पुष्कळ वेळ त्याच्याकडे बघायचेच नाहीत. मग छप्पन साली तुझ्या घरची माणसं चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. त्यानंतर तुझा आजा एकदाच आमच्या अंगणात आला. सरळ उभा राहिला आणि सांगितलं की आता आम्ही मागायला येणार नाही. एवढंच बोलला आणि गेला. माझे वडील त्या दिवशी कुणाशी बोलले नाहीत.

शाळेत तू मला अरे-तुरे करायचास म्हणूनही ते चिडायचे. मी चिडत नव्हतो. मला वाटायचं, मी त्यांच्यासारखा नाही. पुढं सगळं आयुष्य मी तुझ्या ताटात जेवलो आणि तू माझ्या, आणि त्याचा मला अभिमान होता. त्या संध्याकाळी किल्ल्याच्या दरवाज्यात तू सरळ उभा राहिलास तेव्हा मला काहीतरी खुपलं आणि त्याला मी इतिहास म्हणालो.

आणि इतिहास म्हणूनही ते कच्चं होतं. धान्य मागायला आलेला माणूस मी पाहिला होता. पहाऱ्यावरचा माणूस, ज्याच्या हाती किल्ल्याचा दरवाजा आहे आणि ज्याला खुद्द सरदाराला नाही म्हणायचं आहे, तो कसा उभा राहत असेल हे मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल असंही वाटत नाही. मी आमच्या अंगणातला माणूस उचलून किल्ल्यावर नेऊन उभा केला. माझ्या वर्गात कुणी असा पुरावा दिला असता तर मी त्याला खाली बसवलं असतं.

तुझ्या शेवटच्या आजारपणात एका दुपारी आपण तुझ्या घरी टीव्ही बघत होतो. तू खाटेवर, उशीला टेकून. पडद्यावर एक नोकर राजाला वाकून सांगत होता की मी हे काम करणार नाही. तू म्हणालास, "खोटं हाय हे. वाकून हो म्हनता येते. वाकून नाई म्हनता येत नाई."

मी म्हणालो, "तसाच रिवाज होता."

"रिवाज असन. पन नटानं काय करावं? कमर वाकली की आवाज पोटात जाते. मंग ते 'नाई' हे 'नाई' राहत नाई, विनंती होते."

मी विचारलं, आणि हे मी घाबरत विचारलं, "तू असता तं?"

तू हसलास. खोकला आला. वहिनी पाणी घेऊन आल्या. पाणी पिऊन तू म्हणालास, "मी भिकारी केला, चोर केला, राजाचे पाय धरले, बायकोचे पाय धरले. नाटकात वाकाले काय जाते मास्तर? घरी येऊन सरळच होतो ना." आणि मग लगेच, "पन तो मानूस नसता वाकला." तेवढ्यात औषध घ्यायची वेळ झाली आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

म्हणजे माझ्याकडे तुझीच दोन वाक्यं आहेत आणि ती एकमेकांना छेद देतात. मी दोन्ही इथं जशीच्या तशी लिहिली आहेत. त्या दुपारी मी सगळं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मग मला तो पानठेला आठवला, आणि मी तुझी चादर सारखी केली.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वंदना झाली आणि लोक तुझ्याबद्दल बोलायला उभे राहिले. मंडळाच्या अध्यक्षानं त्या सिनेमाची गोष्ट सांगितली. "भाऊचा आवाज येवढा मोठा, का कॅमेरा फुटन म्हनून सायेबानं त्यायले कापून टाकलं!" लोक हसले. प्रेमानंच हसले, ते मला कळत होतं. मग मला बोलायला सांगितलं. मी उठलो, तू किती चांगला मित्र होतास ते सांगितलं आणि खाली बसलो. माझा आवाज नीट होता.

हा लेख अर्धा लिहून झाल्यावर मी तो घेऊन तुझ्या घरी गेलो. छापण्याआधी वहिनींना कळायला हवं, असं वाटलं. त्या अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मी शूटिंगपासून पानठेल्यापर्यंत सगळं सांगितलं. तुझ्या आजाचंही सांगितलं. त्या फुलं पसरत राहिल्या.

मग विचारलं, "त्यायले मालूम होतं?"

"नाई."

"मंग आता काऊन सांगून राह्यले भाऊ? ते तं गेले. आता सांगून तुमालेच हलकं वाटन."

मी म्हणालो, "हलकं नाई वाटत, वहिनी. काईच वाटून नाई राह्यलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते वर्षभर आरशापुढं हळू बोलून पाहे. मी म्हनो, काय पुटपुटता? म्हने, कॅमेऱ्याचा आवाज शिकून राह्यलो, पुन्हा कोनी बोलावलं तं." त्यांनी पदर खोचला. "लिहा. मंडळाच्या पोरायले समजू द्या का त्यायचा आवाज बरोबर होता. वाचून दाखवा, काय लिहिलं तं."

मी वाचलं. एका जागी त्यांनी हात वर केला. तिथं मी लिहिलं होतं की तुला मी वाकायला सांगितलं असतं तर तू ती काठी टाकून निघून आला असतास, कारण तू तसाच होतास, ताठ.

"हे काढा," वहिनी म्हणाल्या.

"काऊन? चांगलंच तं लिहिलं हाय त्याच्याबद्दल."

"चांगलं असन. पन तुमाले कसं मालूम? तेव्हाबी तुमीच ठरवलं, ते नाई करनार. आताबी तुमीच ठरवून राह्यले. वाकले असते का नाई, ते त्यायचं काम होतं. तुमी इचारलं नाई भाऊ. तेवढं लिहा."

मी ते वाक्य तिथंच, त्यांच्यासमोर खोडलं.

तेव्हा मंडळाच्या पोरांनी आणि चंद्रपूरला आपल्यासोबत आलेल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहितो. सुखदेवचं काम पहिल्याच वेळी ओके झालं होतं. त्याचा आवाज मोठा नव्हता. तो प्रसंग माझ्या सांगण्यावरून गेला, आणि मी जे सांगितलं त्याला आधार नव्हता.

आणि तुला एवढंच. मी त्या मुलीशी बोलत होतो तेव्हा तू समोरच बुरुजाच्या पायरीवर बसला होतास. मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं होतंस आणि बशीतून चहा पीत होतास. ती म्हणाली, विचारून तरी बघते. मी तुझ्याकडे पाहिलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.